ग्राफिक नॉव्हेल करताय? संवाद शेवटी 'टाकू' नका

कुणी पानं दाखवायला आणली की मी आधी संवादाचे फुगे बघतो. बहुतेक वेळा ते कोपऱ्यात कोंबलेले असतात. चित्रं झाली, शाई झाली, रंग भरले आणि मग संवाद 'टाकले'. हा शब्दच माझ्या डोक्यात जातो.

अर्थात मीही हे करून बसलोय. बहीण-भावाच्या भांडणाचं पान होतं. भाऊ डावीकडे, बहीण उजवीकडे, पण पहिलं वाक्य बहिणीचं. आपण वाचतो डावीकडून, म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर! तिचा फुगा वर चढवला, त्याचा खाली ढकलला, तर तो नेमका त्याच्या हातावर बसला. त्या हातात ज्यावरून भांडण पेटलं ते फाटकं पत्र होतं. फुग्यांच्या शेपट्या एकमेकींवरून गेल्या त्या वेगळ्याच. मग चित्रच आडवं उलटवलं, तर पुढच्या चौकटीत दोघांच्या जागांची अदलाबदल. शेवटी तीन पानं नव्याने काढली.

तेव्हापासून काडेपेटीएवढ्या कच्च्या आराखड्यातच मी फुगे काढतो आणि संवाद त्यात हाताने लिहून बघतो. आधी बोलणारा डावीकडे, नाहीतर त्याचा फुगा सगळ्यात वर. हे कंटाळवाणं काम आहे, आणि नवशिक्यांना थेट रंगांकडे पळायचं असतं. पळा, पण मग पानं परत काढायची तयारी ठेवा.

मराठीत आणखी एक गोम आहे. इंग्रजी कॉमिक्समध्ये अक्षरं बहुधा कॅपिटल असतात, त्यामुळे ओळी खेटून बसल्या तरी चालतं. आपल्याकडे वरच्या ओळीतल्या 'तू'चा ऊकार खालच्या 'किती'च्या वेलांटीत अडकतो. ओळींत अंतर लागतं, म्हणून फुगाही मोठा लागतो. यावर फाँट बारीक करणं हा उपाय नव्हे, आळस आहे. वाक्य कापा. एका फुग्यात मी 20-25 शब्दांच्या वर जात नाही. त्याहून जास्त बोलायचं असेल तर दोन फुगे.

चित्रात धो धो पाऊस आणि वर निवेदन, 'बाहेर मुसळधार पाऊस पडत होता.' अहो, दिसतोय की! मी निवेदनाच्या पट्ट्या बोटाने झाकून पान वाचतो. काही अडलं नाही तर पट्टी उडवतो. लाडकं वाक्य कापताना जीव तुटतो, मान्य. ते वहीत जपून ठेवा, पानावर नको.

'तो उठतो, दार उघडतो आणि पळत सुटतो' ही एक चौकट नाही, तीन आहेत.

तिरक्या-तारक्या चौकटी सरळ चौकटींत गोष्ट सांगता आल्यावर.

फुगे पानाच्या कडेला चिकटवू नका, छपाईनंतर कागद कापतात तेव्हा अक्षरं जातात.

आणि धक्का उजव्या पानावर ठेवू नका. पान उलटलं की समोरासमोरची दोन्ही पानं एकदम दिसतात, वाचकाची नजर आधीच तिकडे जाते. खुनी कोण हे डाव्या, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावरच्या पहिल्या चौकटीत दाखवा. एवढं जुळवल्यावर ऐनवेळी पुढे एखादं अर्पणपत्रिकेचं पान घुसवू नका. सगळी पानं एकेकाने सरकतात आणि खुनी पुन्हा उजवीकडे येऊन बसतो.