धमन्यांचे आरोग्य आणि टिकाऊ प्रदूषके: घरात घ्यावयाची काळजी

अँजिओग्राफीत ‘ब्लॉकेज’ निघाले की डॉक्टर प्रथम रक्तदाब, साखर, तंबाखू आणि कोलेस्टेरॉल यांची चौकशी करतात, आणि हा क्रम योग्यच आहे. मात्र वर्षानुवर्षे शरीराच्या चरबीत साठून राहणारी काही रसायनेही धमनीकाठिण्याला (धमनीच्या भिंतीत मेद साचून ती कडक आणि अरुंद होण्याला) हातभार लावत असावीत, अशी शंका संशोधकांना आहे. डीडीटी (जुने कीटकनाशक), पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असणारे रसायन), डायॉक्सिन (क्लोरीनयुक्त वस्तू जळताना तयार होणारे विषारी द्रव्य) यांसारख्या या रसायनांना ‘चिरस्थायी सेंद्रिय प्रदूषके’ म्हणतात. येथे ‘सेंद्रिय’ याचा अर्थ कार्बनयुक्त एवढाच असून सेंद्रिय शेतीशी त्याचा काही संबंध नाही. त्यांच्यावर नियंत्रण आणणारा स्टॉकहोम करार २००१ साली स्वीकारण्यात आला, २००४ पासून अमलात आला आणि २००६ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली.

ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. त्यामुळे रक्तात ती मुख्यतः मेदकणांबरोबर, म्हणजे एलडीएलसारख्या (‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या) कणांतून फिरतात. प्रयोगशाळेतील आणि प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसते की डायॉक्सिन आणि त्याच्यासारखी काही पीसीबी धमनीच्या आतील अस्तराच्या पेशींमधील एका विशिष्ट ग्राहीला (रसायनाचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात, त्यातून पेशींवरील ऑक्सिडीकरणाचा ताण आणि दाह वाढतो, आणि धमनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो. अशा अस्तराखाली मेद साचणे सोपे जाते.

माणसांवरील पुराव्यात स्वीडनमधील उप्सालाचा अभ्यास महत्त्वाचा आहे. तेथे सत्तरीच्या सुमारे एक हजार स्त्री-पुरुषांच्या मानेतील धमन्यांची सोनोग्राफी करून रक्तातील प्रदूषके मोजण्यात आली. काही पीसीबींचे प्रमाण ज्यांच्या रक्तात अधिक होते, त्यांच्या धमन्यांत मेदाचे थरही अधिक आढळले. नेहमीचे धोक्याचे घटक हिशेबात धरल्यावरही हे नाते टिकले. तरीही नाते सापडले म्हणून कारण सिद्ध होत नाही. इटलीतील सेवेसो येथे १० जुलै १९७६ रोजी कारखान्यातून डायॉक्सिन बाहेर पडले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सर्वाधिक बाधित भागात हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू वाढलेले दिसले. पण त्यात दुर्घटनेच्या मानसिक धक्क्याचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सर्वांत आधी कचरा जाळणे थांबवावे. पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक उघड्यावर, कमी तापमानात धुमसत जळते तेव्हा डायॉक्सिन तयार होते. भंगारातील तांबे मिळवण्यासाठी विजेच्या वायरी जाळणे हे त्याहून वाईट, कारण पीव्हीसीचे आवरण आणि तांबे एकत्र आले की तांबे या घडणीला उत्प्रेरक ठरते. हा धूर फक्त नाकावाटे आत येतो असे नाही. त्यातील कण चाऱ्यावर बसतात, चारा गुरांच्या पोटात जातो आणि तेथून डायॉक्सिन दुधाच्या स्निग्धांशात उतरते. म्हणून शेकोटीत प्लास्टिक किंवा टायर टाकू नये, आणि वायरी सोलूनच भंगारात द्याव्यात.

अडगळीत ‘गॅमेक्सिन’ (हेही जुने क्लोरीनयुक्त कीटकनाशक) किंवा डीडीटीचा जुना डबा सापडला तर तो मुंग्यांसाठीही वापरू नये, धान्याजवळ ठेवू नये, पुरू नये की जाळू नये; घरगुती घातक कचरा म्हणून स्थानिक यंत्रणेकडे सोपवावा. भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ पासून बंद आहे. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी असू शकते, तेव्हा ते तेल कोणत्याही कामासाठी घरी आणू नये.

आहारात मांसावरील चरबी आणि माशाची कातडी काढून टाकल्याने बराच भार कमी होतो. मोठे शिकारी मासे रोज खाण्यापेक्षा तारली, बांगडा असे लहान मासे बरे. प्रदूषकांच्या भीतीने मासे सोडणे मात्र धमन्यांच्या दृष्टीने तोट्याचेच ठरेल.

वजन झपाट्याने उतरवल्यास चरबीतील साठा रक्तात येतो, म्हणून ते सावकाश कमी करावे. ‘डिटॉक्स’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या चूर्णांवर पैसे घालवू नयेत, कारण वर्षांनुवर्षांचा हा साठा त्यांनी निघून जातो, असे म्हणण्यास आधार नाही. रक्तातील पीसीबी मोजून घेण्याचाही सर्वसाधारण माणसाला उपयोग नाही, कारण त्या आकड्यावरून उपचार बदलत नाहीत; रक्तदाब आणि लिपिड प्रोफाइलवरून बदलतात. भंगार, ट्रान्सफॉर्मर दुरुस्ती किंवा कीटकनाशक फवारणीत आयुष्य गेले असेल तर ती माहिती डॉक्टरांना आपणहून द्यावी, कारण धूम्रपानाविषयी ते विचारतात, जुन्या कामाविषयी बहुधा विचारत नाहीत.