बायपोलरच्या रुग्णांसोबत काम सुरू करताय? आधी त्यांचा दिवस बघा

मानसशास्त्राचं शिक्षण संपवून कामाला लागलेली मंडळी बायपोलरचा, म्हणजे मूड कधी बेफाम चढण्याच्या तर कधी खोल नैराश्यात जाण्याच्या आजाराचा, पहिला रुग्ण घेतात, तेव्हा त्यांची तयारी बहुधा नैराश्यावरच्या थेरपीची असते. विचारांची वही भरून घ्यायची, त्यातल्या चुका शोधायच्या, मग हळूहळू बालपणापर्यंत मागे जायचं. हे सगळं पुढे लागतंच. पण या आजारावर बरीच वर्षं काम करून मी एक गोष्ट ठामपणे सांगेन: आधी माणसाचा दिवस समजून घ्या. तो कधी उठतो, कधी आडवा होतो, गोळीची आठवण कोण करतं, घरात आवाज कधी चढतात. हे काम आजार भरात असतानाही सुरू करता येतं, पण ते नीट पुढे न्यायची वेळ म्हणजे तो बरा असतो तो काळ. नेमक्या त्याच काळात रुग्णाला आणि घरच्यांना वाटतं, आता कशाला यायचं?

थेरपी औषधांच्या जोडीला असते, त्यांच्याऐवजी नाही. त्यामुळे औषधांची जुजबी तरी माहिती हवीच. लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध घेणाऱ्याची रक्तातली पातळी वेळोवेळी तपासावी लागते. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं, तर ती धोकादायक वाढू शकते. आणि गोळ्या एकदम बंद केल्या, तर मेनिया, म्हणजे मूड आणि ऊर्जा बेफाम चढलेली अवस्था, उसळण्याची भीती असते. डोस डॉक्टर ठरवतील, पण ‘हात थरथरतोय’ हे रुग्ण कदाचित आधी तुम्हाला सांगेल, कारण त्याची भेट तुमच्याशी जास्त वेळा होते. म्हणून पहिल्याच भेटीत, डॉक्टरांशी बोलायची त्याची संमती घेऊन ठेवा.

त्यानंतर मी आजाराचा आलेख काढायला बसते. आडवी रेघ म्हणजे वर्षं, रेघेच्या वर मेनिया, खाली नैराश्य. त्याखाली औषधं, झोप आणि आयुष्यातल्या घडामोडी. यात दोन-तीन भेटी जातात, जाऊ द्या. आपल्या आजारालाही काही क्रम आहे, हे अनेकांना त्या कागदावर पहिल्यांदाच दिसतं.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटणारी पद्धत एलन फ्रँक आणि त्यांच्या पिट्सबर्गमधल्या सहकाऱ्यांनी बांधली: इंटरपर्सनल अँड सोशल ऱ्हिदम थेरपी, म्हणजे नाती आणि दिनक्रम यांवरची थेरपी. दिनक्रम विस्कटला की शरीराचं घड्याळ हलतं आणि त्यापाठोपाठ मूड हलू शकतो, हा तिचा पाया. तिच्यात दिनक्रम नोंदवायचा एक तक्ता असतो. त्याच्या छोट्या आवृत्तीत पाचच गोष्टींच्या वेळा लिहायच्या असतात: अंथरुणातून उठणं, दिवसातला दुसऱ्या माणसाशी पहिला संपर्क, कामाला किंवा अभ्यासाला सुरुवात, रात्रीचं जेवण, झोपायला जाणं. त्या वेळी सोबत कोण होतं आणि त्याने किती उत्तेजना आली, हेही नोंदवायचं. रोजच्या वेळेच्या ४५ मिनिटं अलीकडे-पलीकडे झालं, तर ते नियमित धरायचं.

तक्ता भरून आला की नवख्यांची नजर थेट झोपायच्या वेळेवर जाते. मी आधी उठण्याची वेळ बघते. सोमवार ते शुक्रवार सात आणि शनिवार-रविवार साडेअकरा असं लिहिलेलं असेल, तर सोमवारच्या चिडचिडीचं एक कारण तिथे सापडू शकतं. बदलही तिथूनच सुरू करा, कारण झोप लागणं माणसाच्या हाती नसतं, उठणं बऱ्याच अंशी असतं. पण निद्रानाशासाठी शिकवलेलं झोपेचे तास आखडण्याचं तंत्र इथे जसंच्या तसं वापरू नका, कारण जागरणामुळेच मेनिया पेटू शकतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रँक यांच्या अभ्यासात, आजार भरात असताना ज्यांना ही थेरपी मिळाली त्यांना पुढचा एपिसोड, म्हणजे मेनियाचा किंवा नैराश्याचा नवा झटका, येईपर्यंत जास्त काळ गेला. त्यांचा दिनक्रमही जास्त नियमित झाला होता.

दुसरं मोठं काम म्हणजे आजार उचल खाण्याआधीच्या खुणा ओळखणं. पुस्तकातली यादी त्याच्या हातात देऊ नका. ‘झोप कमी होणं’ ही कुणाचीच खूण नसते. ‘पहाटे चारला जाग येते, तरी थकवा नसतो, आणि मी कपाटं आवरायला घेते’ ही खूण असते. एकीला रंग नेहमीपेक्षा भडक दिसायला लागायचे. एक जण जुन्या मित्रांना रात्री लांबलचक मेसेज पाठवायला लागायचा. हे रुग्णाच्याच शब्दांत लिहून घ्या, शेजारी काय करायचं तेही लिहा: डॉक्टरांना फोन, रात्रीची कामं बंद, मोठी खरेदी दोन दिवस पुढे. आणि हे आधी कुणाच्या लक्षात येतं ते विचारा, उत्तर बहुतेकदा घरातलं माणूस असतं. १९९९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात सात ते बारा भेटींत एवढंच शिकवलं होतं. मेनिया परतायला त्यामुळे जास्त वेळ लागला, नैराश्यावर मात्र तसा परिणाम दिसला नाही. नैराश्य दबक्या पावलांनी येतं, त्यासाठी वेगळी तयारी लागते.

घरच्यांसोबतचं काम टाळू नका. डेव्हिड मिक्लोविट्झ यांच्या कुटुंबकेंद्री थेरपीत नऊ महिन्यांत २१ सेशन असतात: आधी आजाराची माहिती, मग एकमेकांशी बोलण्याचा सराव, मग अडचणी सोडवणं. मधला टप्पा ऐकायला साधा वाटतो, प्रत्यक्षात सगळ्यात अवघड तोच. मुलगा जरा मोठ्याने हसला की आई विचारते, “गोळी घेतलीस ना?” तिच्या प्रश्नात काळजी असते, त्याला ऐकू येतो तो अविश्वास. दोघांना समोरासमोर बसवून तेच वाक्य पुन्हा बोलायला लावा: “तू दोन रात्री उशिरा झोपलास, मला काळजी वाटते. उद्या डॉक्टरांना फोन करूया का?” पहिल्या खेपेला दोघंही अवघडतात. तरी करून घ्या.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी, उपयोगी आहे, पण कुणासाठी हे बघा. जॅन स्कॉट यांच्या २००६ च्या मोठ्या अभ्यासात सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही, आधी बारापेक्षा कमी एपिसोड झालेल्यांना दिसला. बार्सिलोनातल्या फ्रान्सेस्क कोलोम आणि एदुआर्द व्हिएता यांचा २१ भेटींचा माहितीगटही, म्हणजे रुग्णांना गटात बसवून आजाराची माहिती देण्याची पद्धत, शिकून घ्या. तो रुग्ण स्थिर असताना चालवायचा असतो आणि त्याचा परिणाम पाच वर्षांनंतरही टिकलेला दिसला. अमेरिकेतल्या स्टेप-बीडी अभ्यासात बायपोलर नैराश्याच्या २९३ रुग्णांपैकी सखोल थेरपी मिळालेले ६४ टक्के वर्षभरात सावरले. मोजक्या तीन भेटी मिळालेल्यांत हे प्रमाण ५२ टक्के होतं. सखोल थेरपीत कुटुंबाची, दिनक्रमाची आणि सीबीटी अशा तिन्ही पद्धती होत्या. म्हणून ‘कोणती पद्धत शिकू?’ यावर अडून बसू नका. एक नीट शिका आणि तिच्यात अनुभवी माणसाचं सुपरव्हिजन मिळवा.

मेनिया ऐन भरात असताना मात्र आत्मपरीक्षण करायला लावू नका. सेशन छोटं, आवाज शांत, वाद नाही. झोप, पैसे, गाडीच्या चाव्या आणि डॉक्टरांची भेट एवढंच बोला. आत्महत्येचा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायला शिका, आणि तो फक्त नैराश्यात विचारायचा असं समजू नका. अस्वस्थता आणि निराशा एकत्र असते ती मिश्र अवस्था, आणि मेनिया ओसरल्यावरचे दिवस, जेव्हा केलेले खर्च आणि बोललेले शब्द समोर येतात, तेव्हा धोका मोठा असतो.

आणखी एका संवादाची तयारी ठेवा. तब्येत सुधारल्यावर काही महिन्यांनी रुग्ण म्हणतो, “मला तो उत्साह परत हवाय. आता सगळं सपाट वाटतं.” लगेच मेनियाच्या दुष्परिणामांची उजळणी सुरू करू नका. त्याने खरंच काहीतरी गमावलंय, त्याबद्दल त्याला बोलू द्या. मग वेगळं करून बघा: यातली औषधाची सुस्ती किती, उरलेलं नैराश्य किती आणि त्या दिवसांची ओढ किती. पहिल्या दोन्हींसाठी डॉक्टरांकडे पाठवा, बहुतेकदा काहीतरी मार्ग निघतो. तिसऱ्यासाठी त्या उत्साहात तो काय करायचा ते विचारा. चित्रं काढत असेल, तर ती दिवसा, ठरलेल्या वेळी काढता येतील का हे तक्त्यातच लिहून बघा.