दोन दूरच्या विमानतळांमधला हवाई मार्ग स्वतः कसा शोधावा

टोकियोहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान सीटसमोरच्या पडद्यावर भलतीकडेच चाललेलं दिसतं. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर, तरी हे आधी उत्तरेला चढतं आणि मग कमानीसारखं खाली उतरतं. पायलटला वळसा घालायची हौस नसते. वाकडेपणा नकाशाचा आहे. घरात पृथ्वीगोल आणि हातभर दोरा असेल, तर कुठल्याही दोन विमानतळांमधला मार्ग तुम्हाला तिकीट काढण्याआधीच बऱ्यापैकी ओळखता येईल.

आधी भिंतीवरचा सपाट नकाशा विसरा. मर्केटरने १५६९ मध्ये आखलेल्या पद्धतीचा नकाशा दर्यावर्दींच्या सोयीचा होता. त्यावर सरळ रेघ मारली की होकायंत्राची एकच दिशा धरून जाता येई. पण त्या बदल्यात ध्रुवांकडचा प्रदेश फुगतो आणि अंतरांचा पार विचका होतो.

आता दोरा घ्या. त्याचं एक टोक पहिल्या विमानतळावर अंगठ्याने दाबा, दुसरं टोक दुसऱ्या विमानतळावर नेऊन घट्ट ओढा. दोरा आपोआप सरकून जिथे स्थिरावतो, तो सर्वांत जवळचा मार्ग. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्वृत्त म्हणतात. गुळगुळीत गोलावर दोरा फार निसटतो, म्हणून मला कागदाची अरुंद पट्टी जास्त आवडते. ती सुरकुती न पडता सपाट बसली, की समजा मार्ग बरोबर आहे. टोकियो–सॅन फ्रान्सिस्को पट्टी साधारण ४८ अंश उत्तरेपर्यंत चढते. एकच अक्षांश धरून सरळ पूर्वेला गेलं असतं, तर सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर जास्त पडले असते.

अंतर मोजायला फूटपट्टी लागत नाही, विषुववृत्तच पट्टीचं काम करतं. दोऱ्याची तेवढीच लांबी विषुववृत्तावर ठेवा आणि ती किती रेखांश व्यापते ते पाहा. तिथे एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. आपला दोरा ७४ अंश भरला, म्हणजे अंदाजे ८,२०० किलोमीटर. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर दोन मिलिमीटरची चूक ८५ किलोमीटरना पडते, तेव्हा हात जरा स्थिर ठेवा.

इथवर भूमिती झाली. पुढची पायरी कष्टाची, कारण विमान दोऱ्यावरून उडत नाही.

दोऱ्याखाली काय-काय येतं ते टोकापासून टोकापर्यंत नीट बघत जा. पहिला प्रश्न हवाई हद्दीचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युरोपीय संघातल्या विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली. हेलसिंकी–टोकियो हा फिनएअरचा प्रवास त्याआधी साडेनऊ तासांच्या आसपास होत असे, तो एकदम तेरा तासांच्या घरात गेला. त्यातला एक पर्यायी मार्ग थेट उत्तर ध्रुवाकडून जातो. म्हणून बातम्या बघायच्या आणि बंद देशांवर पेन्सिलीने खूण करायची.

मग जमीन किती उंच आहे ते पाहा. तिबेटच्या पठारावर विमानं कमी दिसतात. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमानाला लवकर तीनेक किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण १२ ते १५ मिनिटंच पुरतो. पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटर, मग खाली येणार कुठे?

समुद्रावर अडचण वेगळी. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, तर ठरलेल्या मिनिटांत कुठल्या तरी धावपट्टीवर पोहोचता आलं पाहिजे, असा नियम आहे. विमानाचं मॉडेल आणि कंपनीची परवानगी यांवर ही मर्यादा ठरते. सिडनी–सँटियागो दोरा लावून पाहा. तो ६० अंश दक्षिणेच्याही खाली जातो आणि वाटेत विमानतळ असा सापडतच नाही. या मार्गावर कैक वर्षं चार इंजिनांची विमानं चालली, ती याचमुळे.

यानंतर वारा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा कारभारी तोच. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरदार झोत वाहतात. त्यांची जागा रोज बदलते, म्हणून उत्तर अटलांटिकवरचे ठरावीक मार्ग रोज दोनदा नव्याने आखले जातात. २०१६ मध्ये एअर इंडियाने आपलं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर हजार किलोमीटरहून जास्त वाढलं, वेळ मात्र घटला, कारण वारा पाठीशी होता.

वेळेचा अंदाज यातूनच निघतो. मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. पूर्वेला जाताना त्यात १०० मिळवा, पश्चिमेला जाताना १०० वजा करा आणि चढ-उतारासाठी अर्धा-पाऊण तास जोडा. टोकियोहून सॅन फ्रान्सिस्को नऊ तास आणि परतताना अकरा, हे गणित प्रत्यक्षाशी छान जुळतं. विषुववृत्ताजवळ आणि उत्तर-दक्षिण प्रवासात मात्र हे मिळवणं-वजा करणं सोडून द्या.

थेट विमान नसेल, तर हाच दोरा थांबा निवडायला वापरा. लंडन–सिडनी सरळ अंतर सुमारे १७,००० किलोमीटर आहे. सिंगापूरला थांबलात तर जेमतेम दीडशे किलोमीटर वाढतात, लॉस एंजेलिसमार्गे गेलात तर ३,८०० च्या आसपास. गंमत अशी, की दोन ठिकाणं पृथ्वीच्या अगदी विरुद्ध टोकांजवळ असतील, तर बहुतेक सगळे थांबे सारखेच पडतात, कारण अगदी समोरासमोरच्या दोन बिंदूंमध्ये कुठूनही गेलं तरी अंतर २०,००० किलोमीटरच. तिथे दोरा गुंडाळून ठेवा आणि विमान बदलायला किती तास मिळतात तेवढं पाहून तिकीट काढा.