पुण्याला जाऊ का, असं विचारणाऱ्या जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पोरींसाठी

मागच्या महिन्यात तिघीजणींचे फोन आले, एक जिंतूरची, एक माजलगावची, एक आमच्याच गावाकडची, आणि तिघींचं एकच, ताई पुण्याच्या हॉस्पिटलातून ऑफर आलीय, जाऊ का इथंच राहू. प्रत्येकीशी तास तास बोलले. आता एकदाचं लिहूनच ठेवते म्हणजे पुढच्या पोरीला वाचायला देता येईल.

मी परभणीकडच्या सेलू तालुक्यातली. २०२० ला जीएनएम झालं, मग तीन वर्षं तालुक्याच्या २२ बेडच्या खाजगी हॉस्पिटलात काढली, आणि जुलै २०२३ ला पुण्यात आले. तेव्हापासून आयसीयूत आहे.

आधी पैशाचं बोलते कारण घरात पहिला प्रश्न तोच निघतो. तालुक्याला मला ११ हजार मिळायचे, पाकिटात, कॅश. पीएफ नाही, ईएसआय (सरकारी आरोग्य विमा) नाही, सॅलरी स्लिप नाही. घरून जाऊन येऊन करायचे, १४ किलोमीटर, एसटीनं, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा तर तोही खर्च कमी झाला. डबा माय द्यायची. जाणंयेणं, रिचार्ज, बारीकसारीक धरून दोन हजार जायचे, नऊ उरायचे. पुण्याच्या ऑफर लेटरवर २४ हजार लिहिलेले. आमच्या घरी लगेच हिशोब झाला की १३ हजार जास्त, आत्यानं तर दोन वर्षांत किती साठतील तेही सांगून टाकलं. पण ते २४ म्हणजे सीटीसी, हॉस्पिटलचा आपल्यावरचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नाही. बेसिक १२ हजार होती, तिच्या १२ टक्क्यानं १,४४० हॉस्पिटलच्या वाट्याचा पीएफ, तो त्या २४ मध्येच धरलेला, आणि वरून १,४४० आपल्या वाट्याचा कापायचा, म्हणजे हातात २१,१२०. प्रोफेशन टॅक्स बायकांना २५ हजारांपर्यंत माफ आहे, नाहीतर तेही गेले असते. मग कॉट बेसिसवर, म्हणजे नुसत्या एका खाटेपुरती, रूम ५,५००, मेस ३,२००, बस ९००, रिचार्ज ३००, महिन्यातून एकदा गावाकडं चक्कर १,२००, साबण औषधं चहापाणी १,०००. बेरीज करा. उरतात ९ हजार. गावाकडं उरायचे तेवढेच, आणि सुरुवातीचं डिपॉझिट, गादी, बादली, गणवेशाचे दोन जोड हे वेगळंच.

म्हणून जी पोरगी मला म्हणते की पगार दुप्पट मिळायलाय, तिला मी सांगते की पहिल्या वर्षी दुप्पट बिप्पट काही हातात येत नाही, घरच्यांना आत्ताच सांगून ठेव, नाहीतर तिसऱ्या महिन्यात भावाच्या फीचा फोन येतो आणि आपल्याकडं नसतात. आणि एक बारकी गोष्ट, ईएसआयची मर्यादा २१ हजार आहे. पगार त्याच्या वर गेला की ईएसआय लागू होत नाही, मग हॉस्पिटल स्वतःचा मेडिक्लेम देतं का, त्यात आईवडील बसतात का, हे जॉईन व्हायच्या आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

पगाराचं अजून एक मनात आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारनं समिती नेमली होती, तिनं शिफारस केली की २०० च्या वर बेड असतील तर खाजगी नर्सला सरकारी नर्सएवढा पगार द्यावा, आणि ५० च्या खालच्या हॉस्पिटलातसुद्धा २० हजारांपेक्षा कमी देऊ नये. सरकारीत अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, मूळ वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते. मी ११ हजारांवर रात्रपाळ्या केल्यात. हा आकडा प्रत्येक नर्सला पाठ पाहिजे असं मला वाटतं, निदान आपण कुणाचे उपकार घेत नाही आहोत एवढं तरी डोक्यात बसतं.

मग मी गेले कशासाठी, तर बेडसाठी.

झालं असं की एम्सची नॉरसेट म्हणून सरकारी नर्सभरतीची परीक्षा असते, तिचा फॉर्म भरायला मी मोठ्या उत्साहानं बसले, तीन वर्षांचा अनुभव होता ना. आणि तिथं लिहिलेलं की बीएस्सी नर्सिंगवाल्यांना अनुभवाची अट नाही, पण जीएनएम असेल तर किमान ५० बेडच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव पाहिजे. आमचं हॉस्पिटल २२ बेडचं. तीन वर्षं, कोविडच्या लाटेत घातलेले ते पीपीई किट, सलग केलेल्या डबल ड्युट्या, सगळं त्या फॉर्मपुरतं शून्य. त्या रात्री मी जेवले नाही. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणले, "काय झालंय ते तर सांग," तर सांगता येईना. वयाची अट ३० ची आहे (ओबीसीला तीन आणि एससी एसटीला पाच वर्षं सवलत), म्हणजे वर्षं अशीच जाऊ दिली तर ते दार बंद. दुसऱ्या दिवशी बायोडाटा पाठवायला सुरुवात केली.

तेव्हा तुम्हाला जो कोणी म्हणेल की अनुभव तो अनुभव, कुठं का असेना, त्याला विचारा किती बेडचा. कागदावर फरक पडतो.

आता हे वाचून कुणी असं समजू नका की तालुक्याच्या हॉस्पिटलात काही शिकायला मिळत नाही, ते मी कुणाला बोलू देणार नाही. पावसाळ्यात आमच्याकडं रात्री-अपरात्री साप चावलेले पेशंट यायचे, सोबत निम्मं गाव. तेव्हा लॅबवाला घरी गेलेला. आम्ही स्वच्छ कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचो आणि घड्याळ लावून २० मिनिटं तशीच उभी ठेवायचो, हलवायची नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही. वीस मिनिटांनी ट्यूब अलगद आडवी करायची. रक्त गोठलेलं असलं तर जागेवर राहतं, नसलं तर पाण्यासारखं वाहतं, म्हणजे विष रक्तात भिनलंय, आणि ते वाहताना दिसलं की सर काही बोलायच्या आत मी अँटीव्हेनमच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, व्हायल काढायला पळायचे. पुण्यातल्या माझ्या बरोबरीच्या कित्येक पोरींनी ही टेस्ट नुसती पुस्तकात वाचलीय. तसंच ड्रिप. ५०० मिलीची बाटली आठ तासात संपवायची तर वीस थेंबाच्या सेटला (वीस थेंब म्हणजे एक मिली) मिनिटाला २१ थेंब, मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघत ते बोटानं सेट करायचे, सुकलेल्या लेकरांच्या हातात व्हेन सापडायची. हे सगळं माझ्या उपयोगी पडलं.

पण पुण्यात पहिल्याच रात्री आयसीयूत सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध ठरल्या वेगानं सोडणारं मशीन) बघितला आणि हातपाय गार पडले. नॉरअ‍ॅड, म्हणजे बीपी वर ठेवायचं औषध, चालू होतं, बीपी त्याच्यावरच टिकलेलं, आणि पंप ओरडायला लागला. मी आवाज बंद करायचं बटन दाबलं कारण बाजूचा पेशंट झोपला होता. सीनियर सिस्टर पळत आली, तिनं आधी मॉनिटरकडं बघितलं, मग सिरिंजकडं, सिरिंज संपत आलेली, तिनं दुसरी आधीच भरून ठेवलेली होती ती बदलली, बीपी थोडं खाली जाऊन परत वर आलं. मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आवाज बंद करायचा नाही गं, का ओरडतोय ते बघायचं, आणि अर्धा तास आधीच पुढची भरून ठेवायची." त्या दिवसापासून ओव्हर (आधीच्या पाळीकडून चार्ज) घेताना मी पहिल्यांदा पंपात किती मिली उरलंय ते बघते, मग फाईल. तीन महिने लागले भीती जायला. पहिले तीन महिने प्रत्येकीला रडू येतं, त्यावरून निर्णय करू नका.

तर इंटरव्ह्यूला गेलात की पगाराच्या आधी विचारा, मला कुठला वॉर्ड देणार. हे मी अगदी हात जोडून सांगते. मोठ्या हॉस्पिटलचं नाव मोठं असतं पण तुम्हाला दोन वर्षं ओपीडीत नाहीतर डिलक्स रूमच्या मजल्यावर ठेवलं तर हाताला नवीन काही लागत नाही. आयसीयू, कॅज्युअल्टी, ओटी, डायलिसिस, एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू), यातलं काही मिळत असेल तर दोन हजार कमी आले तरी चालतील असं माझं मत आहे. रात्री एका सिस्टरकडं किती पेशंट असतात तेही विचारा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक सिस्टर पाहिजे, हे ते इन्स्पेक्शनला सांगतात, पण रात्री तीन वाजता काय असतं ते तिथल्या पोरीच सांगतील, म्हणून इंटरव्ह्यू झाला की लगेच निघू नका, कँटीनमध्ये चहा घ्या, कुणीतरी परभणी-नांदेड-बीडकडची सिस्टर भेटतेच भेटते, आपल्या बोलीवरून ओळखू येते, तिला विचारा. ड्युटी आठ तासांची का बारा, नाईट किती सलग, रात्री आठला सुटल्यावर हॉस्टेलपर्यंत गाडी आहे का.

हिपॅटायटिस बीच्या लशीचंही विचारा. तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांवर. माझ्या रूमवरच्या एका पोरीला आधीच्या हॉस्पिटलात सुई टोचली, लस झालेली नव्हती, आणि इन्चार्जनं उलट तिलाच झापलं, ती घाबरून दोन दिवस कुणाला बोलली नाही. एचआयव्हीची लागण टाळायची पीईपी औषधं जेवढ्या लवकर तेवढी चांगली, ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. नशीब ती तिसऱ्या दिवशी सकाळी बोलली. टोचली की हात साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायचा, बोट दाबत पिळत बसायचं नाही, आणि लगेच रिपोर्ट करायचं, कोण काय म्हणेल ते नंतर.

ओरिजिनल सर्टिफिकेट कुणाकडं ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. मी जिथं पहिला इंटरव्ह्यू दिला तिथं एक वर्षाचा बॉण्ड आणि ओरिजिनल जमा करा म्हणले, मी उठून आले, आणि ते बरंच झालं कारण ओरिजिनल अडकली की सरकारी भरतीच्या कागदपत्र तपासणीला काय घेऊन जाणार. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का तेही आत्ताच बघा, पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते.

पुणेच कशाला, हेही एकदा विचारात घ्या. माझी मावसबहीण संभाजीनगरला गेली. तिथंही मोठी खाजगी हॉस्पिटलं आहेत, पगार पुण्यापेक्षा कमी पण रूमही स्वस्त, आणि आमच्या सेलूहून सरळ रेल्वे आहे, सकाळी निघालं की दुपारच्या आत घरी. जिच्या घरी कुणी सतत आजारी आहे तिला मी तर हेच सुचवते. कारण मागच्या दिवाळीच्या आधी आबांना रात्री दम लागला, भावानं फोन केला, मी इथं आयसीयूत उभी, दहा अनोळखी माणसांची ऑक्सिजन लेव्हल माझ्यासमोर मॉनिटरवर आणि माझ्या बापाची मला दिसेना. फोनवरून भावाला नेब्युलायझर कसा लावायचा ते सांगितलं. सकाळी ओव्हर दिला, तशीच ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गेले, तर रात्रीशिवाय गाडी नाही. आबा बरे झाले. पण तो दिवस मी विसरलेली नाही, आणि पुण्याला जायचं म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी तो सांगते, कारण ऑफर लेटरवर हे कुठंच लिहिलेलं नसतं.

लग्नाचं म्हणाल तर घरचे म्हणतेतच, एकटी पोरगी, लोक काय म्हणतील. माझ्या आबांना मी सरळ सोबत घेऊन आले, हॉस्टेल दाखवलं, वॉर्डनशी बोलणं करून दिलं, मेट्रन मॅडमना भेटवलं. परत जाताना ते एवढंच म्हणले, "इथं समदे सिस्टर म्हणूनच हाक मारायलेत, ठीकंय." त्यानंतर आत्याला काय बोलायचं ते तेच बोलले. आईवडिलांना एकदा जागा डोळ्यानं दाखवा, अर्धी भांडणं तिथंच मिटतात.

आणि निघताना जुन्या हॉस्पिटलातून अनुभवपत्र हातात घेऊनच निघा. मला ते चार महिने मिळालं नाही, देतो देतो करत राहिले, शेवटी आबा तिथं जाऊन बसले तेव्हा मिळालं. पत्रात तारखा, पद, विभाग आणि हॉस्पिटलचे बेड, चारही गोष्टी पाहिजेत. जुलै २०२५ ला माझी इथली दोन वर्षं भरली. नॉरसेटसाठी पत्र मागायला गेले तेव्हा एचआरनं छापील नमुना दिला, त्यात बेडचा उल्लेखच नव्हता. मी परत दिला. आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहून घेतलं.