पिटात कॅमेरा घेऊन उतरताना

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, जाते तेव्हा टँकरमधून उडणारं रंगाचं पाणी वरच्या मजल्यांच्या खिडक्यांपर्यंत पोहोचतं आणि खाली माणसाला माणूस चिकटलेला असतो. त्या गर्दीने मला तीन गोष्टी शिकवल्या. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळायचा. कोपर बरगडीला टेकवून ठेवायचं. आणि गर्दी जिकडे ढकलते तिकडे आधी जायचं, फोटोचं नंतर बघायचं. पुढे विजय नगरातल्या एका तळघरात पहिल्यांदा पंकच्या, म्हणजे वेगवान, खडबडीत रॉक संगीताच्या, गिगला (छोट्या कार्यक्रमाला) गेलो, तेव्हा फोटोग्राफीच्या एवढ्या वर्षांच्या अनुभवातलं हेच तेवढं कामी आलं.

त्याआधी मी मराठी नाटकांचे प्रयोग आणि गाण्याच्या बैठका टिपायचो. तिथे कडेला उभं राहायचं, शटरचा आवाज तबल्याच्या ठेक्यात लपवायचा, कुणाच्या डोळ्यांत यायचं नाही. पंकमध्ये हे जमतच नाही. स्टेज गुडघ्याएवढं, मध्ये कठडा नाही, गायक माइक घेऊन थेट लोकांत उतरतो आणि धक्का तुम्हालाही बसतो. तिथे तुम्ही प्रेक्षकांपैकीच एक असता, फक्त हातात कॅमेरा असतो. खालचं सगळं हे धरूनच लिहिलं आहे.

जाण्याआधी

बँड ऐकून जा. हे सगळेच सांगतात, पण पंकच्या बाबतीत त्याला कारण आहे. रमोन्स या पंक बँडच्या १९७६च्या पहिल्या अल्बमवर चौदा गाणी आहेत आणि ती सगळी मिळून जेमतेम २९ मिनिटांची. इथले बँडही याच वळणाचे. गाणं दीड-दोन मिनिटांत संपतं, सेट पंचवीस मिनिटांत. कोणत्या गाण्यात सगळं थांबून फक्त बेस (खर्जातली गिटार) वाजतो आणि मग एकदम स्फोट होतो, हे ठाऊक असेल तर त्या अर्ध्या सेकंदासाठी बोट तयार ठेवता येतं. मोठ्या कॉन्सर्टला फोटोग्राफरांना पहिली तीन गाणी देण्याची पद्धत आहे. इथे तीन गाणी म्हणजे सहा मिनिटं, पण इथे ती अटच नसते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढा.

इंदूरमध्ये निव्वळ पंकची रात्र क्वचितच जमते. निकोटीनसारखा मेटल बँड इथे २००६मध्ये सुरू झाला आणि जड संगीताला इथे तेव्हापासून कान आहे. पण बहुतेक वेळा एकाच संध्याकाळी एक पंक, एक हार्डकोर, दोन मेटल आणि कॉलेजातला एखादा नवा बँड, सगळे एकाच ड्रमकिटवर वाजवतात. त्यामुळे कोण किती वाजता आहे ते आयोजकांना विचारून घ्या. बँडला दोन दिवस आधी साधा मेसेज करा: फोटो काढणार आहे, चालेल ना, फ्लॅश वापरला तर चालेल ना. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही, पण विचारल्यावर जी ओळख होते ती रात्रभर पुरते.

आणि तिकीट काढा. कॅमेरा आहे म्हणून फुकट आत सोडा, असं म्हणू नका. माणशी जमा होणाऱ्या दोन-तीनशे रुपयांतूनच बाहेरगावच्या बँडचं परतीचं भाडं निघतं.

बॅगेत काय

एक कॅमेरा, एक लेन्स. पन्नास एमएमची एफ १.८, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी लेन्स, स्वस्तात मिळते आणि तिच्यावर बरंच निभतं. पस्तीस असेल तर उत्तम, कारण तुम्ही गायकापासून हातभर अंतरावर असणार. झूमची मोठी लेन्स घरी ठेवा, ती कुणाच्या तरी दातांवर आदळेल. लेन्सला हूड लावा. तो उजेडासाठी असला तरी इथे बंपरचं काम करतो. एक जादा बॅटरी आणि जुना सुती रुमाल.

कानांत प्लग घाला. औषधाच्या दुकानात फोमचे मिळतात. आवाज ८५ डेसिबल असेल तर आठ तास चालतो असं धरतात आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. बंद तळघरात स्पीकरला खेटून तुम्ही यापेक्षा कमी आवाजात नसता. माझ्या डाव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजते, ती पहिल्या दोन वर्षांची कमाई आहे.

अंधाराशी जुळवणं

साउंडचेकच्या (कार्यक्रमाआधी आवाज तपासतात त्या) वेळीच पोहोचा, कारण खरी तयारी तिथे होते. कॅमेरा मॅन्युअलवर घ्या. ऑटोवर ठेवलात तर मागची काळी भिंत बघून कॅमेरा घाबरतो आणि गायकाचा चेहरा पांढराफटक करतो. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००, शटर १/२५० सेकंद. इथून सुरू करा. चेहऱ्यावरचा उजेड बघून आयएसओ ६४००पर्यंत खुशाल न्या. दाणे येतील, येऊ द्या. हलका दाणा या संगीताला शोभतोच. फाइल मात्र रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या रूपात) घ्या.

आता दिव्यांचं. लहान हॉलमध्ये स्वस्तातले एलईडी असतात, लाल आणि निळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर वेगाने चाललं की फोटोवर आडव्या काळ्या पट्ट्या उमटतात. पट्ट्या दिसल्या तर आधी इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा आणि वेग १/१००वर आणून बघा. डिमरवर चालणाऱ्या एलईडीचं गणित याहून वेगळं असतं, म्हणून साउंडचेकमध्येच दोन-चार वेगांवर तपासून घ्या. लाल दिव्यात आणखी एक त्रास आहे. चेहऱ्याचा तपशील लाल रंगात बुडून जातो आणि पडद्यावर फोटो छान दिसत असला तरी घरी गेल्यावर तिथे फक्त टोमॅटो सापडतो. अशा वेळी एक्सपोजर एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा, ठेवा आणि हा फोटो कृष्णधवल करायचा हे तिथेच ठरवून टाका.

पण १/१००वर उडी मारणारा माणूस हलणार नाही का? हलेल. लाला दीनदयाळ इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढता काढता १८७४मध्ये कॅमेऱ्याकडे वळले, आणि त्यांच्या काचेच्या प्लेटपुढे लोकांना दगडासारखं उभं राहावं लागत असे. आपलं गिऱ्हाईक स्पीकरवरून उडी घेतं. उपाय असा, की उडीच्या सर्वांत उंच टोकाला माणूस क्षणभर ना वर जात असतो ना खाली येत असतो. तेवढ्यात बटण दाबा. वर जाताना नको, खाली येताना नको. हे पुस्तकातून येत नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) निघतात, त्यांच्यापुढे आखाड्यांचे पहिलवान बनेटी (कसरतीची काठी) फिरवतात, उड्या मारतात आणि उजेड सारखा बदलत असतो. याहून चांगली शिकवणी कुठे मिळणार? एक रात्र तिथे घालवा.

फोन असेल तरी चालेल. लेन्स शर्टाला पुसा, सर्वांत वाइड लेन्स टाळा कारण अंधारात ती कमकुवत असते, चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, उजेड थोडा खाली ओढा आणि बर्स्टमध्ये (एका दमात लागोपाठ) घ्या. डिजिटल झूम नको, दोन पावलं पुढे व्हा. फोनचा टॉर्च मात्र कुणाच्याही तोंडावर मारू नका, त्याला क्षमा नाही.

फ्लॅशला पंकमध्ये पूर्वापार मान आहे, इतर कुठे नसला तरी. शटर १/१५, फ्लॅश शेवटी उडेल अशा रिअर कर्टन सेटिंगवर. मग आधी रंगीत उजेडाच्या रेघा ओढल्या जातात आणि शेवटी माणूस लख्ख गोठतो. शटर उघडं असताना कॅमेरा थोडा फिरवला तर आणखी मजा येते. पण बँडने हो म्हटलं असेल तरच, आणि ड्रमरच्या डोळ्यांत लागोपाठ नको.

उभं कुठे राहायचं

गायकाच्या बरोबर समोर उभं राहिलात तर माइक त्याचं अर्धं तोंड खातो. ज्या हातात माइक आहे त्याच्या उलट बाजूला सरका, चेहरा मोकळा होतो. पहिल्या ओळीत एका कोपऱ्यात दोन गाणी, मग जागा सोडा. तुमच्यामागे एखादी बुटकी मुलगी असेल तर तिला पुढे घ्या आणि तिच्या डोक्यावरून काढा. तिला बँड दिसतो, तुम्हाला फोटोत पुढचा माणूस मिळतो.

ड्रमरचं स्वतंत्र सांगायला हवं. एका गिगनंतर एक पोरगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, तुमच्या फोटोत मी कधी दिसतच नाही.” खरं होतं. दोन झांजांमागे तो गडप झालेला असायचा. तेव्हापासून साउंडचेकमध्येच मी ड्रमकिटभोवती एक चक्कर मारतो आणि दोन झांजांमधली ती फट शोधून ठेवतो जिथून डोळे दिसतात. ती फट बहुतेक हाय-हॅटच्या (पायाने वाजवायच्या झांजांच्या जोडीच्या) बाजूला, खाली वाकल्यावर सापडते. एक अख्खं गाणं फक्त ड्रमरला द्या.

आता पिट. मधोमध लोक एकमेकांवर आदळत गोल फिरतात तो भाग. बाहेरून मारामारी वाटते, पण तिचे नियम गेरसारखेच पक्के आहेत. कुणी पडलं की आजूबाजूचे चार हात लगेच त्याला उचलतात. कुणाचा बूट निघाला तर तो हवेत उंच धरतात, मालक येऊन घेऊन जातो. ज्याला नको आहे त्याला ओढायचं नाही. तुम्ही काठावर उभे राहा, पाठ भिंतीला किंवा खांबाला, एक पाय पुढे. डोळा सतत व्ह्यूफाइंडरला लावू नका, दुसरा डोळा उघडा ठेवा. आणि तुमच्या समोर कुणी पडलं तर फोटो काढू नका. हात द्या.

काय टिपायचं

हवेत गिटार घेतलेला माणूस तर सगळेच काढतात, तुम्हीही काढा. पण घरी आल्यावर जे फोटो मी पुन्हा पुन्हा बघतो ते वेगळेच असतात. तुटलेली तार दातांत धरून दुसरी लावणारी गिटारिस्ट, जमिनीवर घामाने भिजलेली सेटलिस्ट (गाण्यांची यादी), एकाच माइकमध्ये ओरडणारी पाच डोकी, बाहेर पायरीवर एकच पाण्याची बाटली फिरवत बसलेले दोन बँड. स्टेजकडे पाठ करून एक पूर्ण गाणं लोकांचे चेहरे काढा.

फोकस चुकला म्हणून तिथल्या तिथे फोटो पुसू नका. सप्टेंबर १९७९मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये द क्लॅशचा पॉल सिमोनन आपला बेस जमिनीवर आपटत होता आणि पेनी स्मिथ मागे सरकत फोटो काढत होती. तो फोटो धूसर आला. तिला स्वतःला तो वापरायचा नव्हता, पण बँडचा गायक जो स्ट्रमर अडून बसला आणि तोच अल्बमच्या मुखपृष्ठावर आला. आज पंकचा फोटो म्हटलं की लोकांना तोच आठवतो.

कुणाचा फोटो, कुणाला विचारून

इथे माझ्या हातून एक चूक झाली आहे. स्टेजवरून लोकांच्या हातांवर झेपावलेल्या एका मुलाचा झकास फोटो मी रात्रीच टाकून दिला. पोरगा घरी ‘ग्रुप स्टडी’ सांगून आला होता. इंदूर वाढलं तरी रामबागेतली कुणी ना कुणी मावशी कुणाला तरी ओळखतेच. दुपारपर्यंत फोटो त्याच्या आईपर्यंत गेला आणि संध्याकाळी तिचा मला फोन. त्यानंतर मी ठरवून टाकलं: बँडचे फोटो मोकळेपणाने, पण लोकांपैकी कुणाचा चेहरा ओळखू येत असेल तर गिग संपल्यावर त्याला पडद्यावर दाखवायचा आणि विचारायचं. लहान वयाची मुलं असतील तर टाकायचाच नाही. कपडे सरकलेल्या, रडवेल्या, चक्कर आलेल्या माणसाचा फोटो ठेवायचासुद्धा नाही.

संपल्यावर

शेवटचं गाणं झालं की कॅमेरा बॅगेत घाला आणि ड्रमकिट उचलायला हात लावा. अॅम्प जड असतो, दोघं लागतात. टी-शर्ट, कॅसेट, बिल्ले मांडलेल्या टेबलावरून काहीतरी विकत घ्या. रिकाम्या बाटल्या गोळा करा. स्वच्छतेच्या यादीत २०१७ ते २०२३ सलग पहिलं आलेल्या शहरात हॉलचा मालक पुढच्या वेळी जागा देणार की नाही, हे फरशीवरून ठरतं.

मग सराफा. सोन्याची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी चालू असतात. भुट्ट्याचा किस, थंडीत गराडू, वर शिकंजी. कानांत अजून आवाज भरलेला असल्यामुळे सगळे ओरडूनच बोलत असतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो फिरतात, आणि बाहेरगावच्या बँडला आज झोपायला कुणाच्या घरी न्यायचं ते इथेच ठरतं.

फोटो निवडताना निर्दय व्हा. तीनशेतून दर बँडचे आठ. लाल दिव्यातले कृष्णधवल करा, काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं. जुन्या पंक मासिकांची पानं कात्रीने कापून, चिकटवून, झेरॉक्स मारून बनत, तो कडकपणा त्यातलाच. कापाकापीचं ते वेड त्याआधी डाडा या बंडखोर कलाचळवळीवाल्यांचं होतं. त्यांच्यातल्या मॅन रे या फोटोग्राफरने १९३०च्या आसपास आपल्या यशवंतराव होळकर महाराजांचे आणि संयोगिताराणींचे फोटो काढले होते. काही फोटोंत दोघं दरबारी ऐट सोडून चक्क हसतायत, मस्ती करतायत. म्हणजे हा प्रकार इंदूरला अगदीच परका नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत बँडला फोटो पाठवा, मोठ्या आकारात आणि मधोमध नाव न छापता. त्यांच्या पोस्टरवर वापरले तर खाली नाव लिहा, एवढंच सांगा. पैसे मिळतील अशी आशा धरू नका. त्याऐवजी मला आजवर चार टी-शर्ट आणि मुंबईत एका ड्रमरच्या घरी दोन रात्रींचा मुक्काम मिळाला आहे. आणि कितीही झोप आली तरी कार्ड त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा. सकाळी पोहे-जिलबी खाऊन आल्यावर करू म्हटलं, आणि एकदा माझे अख्ख्या रात्रीचे फोटो गेले. त्या रात्रीचा ड्रमर अजून विचारतो.