बाथरूमचे काम ठेकेदाराला देताना या चुका टाळा

जुन्या सोसायटीतील सदनिकेची डागडुजी करायची ठरली की सर्वांत आधी बाथरूमचे काम निघते, आणि ठेकेदाराशी सर्वाधिक वाजते तेही याच कामावरून. याचे कारण असे की या कामातील महत्त्वाचा भाग लादीखाली झाकला जातो. नवी लादी पहिल्या दिवशी चकचकीत दिसतेच. खालच्या मजल्यावरचे शेजारी छतावरचा ओला डाग दाखवायला दोन-तीन महिन्यांनी येतात, आणि तोवर ठेकेदाराचे सगळे पैसे देऊन झालेले असतात.

पहिली चूक कोटेशन मागतानाच होते. तिघांकडून एकेका ओळीचा आकडा मागवून त्यांतला कमी आकडा निवडला जातो. परंतु एकाने जुना कोबा, म्हणजे लादीखालचा भरावाचा थर, स्लॅबपर्यंत फोडण्याचे धरलेले असते आणि दुसऱ्याने जुन्या लादीवरच नवी लादी चिकटवण्याचे. लादीवर लादी लावण्याची पद्धत मुळात वाईट नाही, पण गळती असलेल्या बाथरूममध्ये ती केवळ दुखणे झाकते. म्हणून कामाची यादी आपणच करावी आणि तीच तिघांना द्यावी: फोडकाम कुठवर, नहाणी ट्रॅप (जमिनीतील सांडपाण्याच्या जाळीखालचा भाग) नवा की जुनाच, पाइप कोणत्या प्रतीचे, वॉटरप्रूफिंगचे थर किती आणि भिंतीवर किती उंचीपर्यंत, कोबा, लादी, फिटिंग, आणि मलबा कोण व कुठे नेणार. मलब्याचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण गोण्या जिन्यात पडून राहिल्या की सोसायटीचे बोलणे घरमालकालाच खावे लागते.

मापाविषयी मराठी माणूस उगाच संकोच करतो. सात बाय पाच फुटांच्या बाथरूममध्ये सात फूट उंचीपर्यंत लादी लावायची असेल, तर भिंतींची परिमिती २४ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट. त्यातून अडीच बाय सात फुटांचा दरवाजा वजा केला की १५०.५ उरतात, आणि जमिनीचे ३५ मिळवले की एकूण १८५.५ चौरस फूट होतात. तुटफुटीसाठी दहा टक्के जादा माल घेतला, तरी खरेदी सुमारे २०४ चौरस फुटांची होते. मजुरी मात्र प्रत्यक्ष लागलेल्या क्षेत्रावरच द्यायची असते. मालाची तुटफूट मजुरीच्या मापातही धरून बिल वाढवण्याची युक्ती फार जुनी आहे, आणि टेप हातात घेऊन समोर उभे राहिले की ती चालत नाही.

‘बिल नको असेल तर कमी करतो’ हा प्रस्तावही नेहमीचा. नोंदणीकृत ठेकेदार मजुरी व माल मिळून केलेल्या अशा कामावर १८ टक्के जीएसटी लावतो, त्यामुळे मोह होतो. पण पुढे वाद झालाच, तर काम कोणी आणि केवढ्याला केले याचा पुरावा आपणच घालवलेला असतो.

ठेकेदाराची पारख करताना त्याच्या मोबाइलमधील छायाचित्रे पाहण्यात अर्थ नाही. निदान एक वर्षापूर्वी केलेल्या बाथरूमचा पत्ता मागावा, आणि शक्य असल्यास त्या घरमालकाला नव्हे, तर त्याच्या खाली राहणाऱ्याला विचारावे. छत कोरडे आहे की नाही, हे त्याच्याइतके कोणीच सांगू शकणार नाही. प्रत्यक्ष काम करणारे गवंडी आणि प्लंबर ठेकेदाराचे नेहमीचे आहेत की नाक्यावरून रोजाने आणलेले, हेही विचारून घ्यावे. होळी, ईद किंवा छठपूजेच्या सुमारास कारागीर गावी जातात, त्यामुळे काम त्या आधी संपेल असे वेळापत्रक लिहून घेणे बरे.

आता सर्वांत महागात पडणारी चूक, जी मी स्वतः केली. वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणी ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच पाणी साठवावे, भिंतीवर पातळीची खूण करावी आणि निदान ४८ तास थांबून खालच्या घराचे छत पाहावे, असा नियम आहे. गणपती आठ दिवसांवर आले होते, लादीवाला दारात उभा होता, आणि ठेकेदाराच्या ‘साहेब, माझी गॅरंटी’ या शब्दावर मी चाचणी सोडून दिली. दिवाळीत खालच्यांच्या छताला पोपडे आले, आणि दोन महिन्यांपूर्वी लावलेली लादी पुन्हा फोडावी लागली. ती गॅरंटी कुठेही लिहिलेली नव्हती.

पैशांचे हप्ते तारखांना नव्हे, अशा चाचण्यांना बांधावेत. सुरुवातीची उचल मोजकी द्यावी. पाइप भिंतीत बुजवण्यापूर्वी दाबाची चाचणी झाल्यावर एक हप्ता, पाणी साठवून पाहिल्यावर दुसरा, लादी आणि फिटिंगनंतर तिसरा द्यावा, आणि दहाएक टक्के रक्कम महिनाभर वापर झाल्यावरच द्यावी. भिंत बुजवण्यापूर्वी टेप लावून पाइपांची छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे पुढे टॉवेलची दांडी बसवताना ड्रिल पाइपात जाणार नाही.

काम होऊनही गळती सुरू झाली, तर लगेच लादी फोडू नये. बाथरूम दोन दिवस वापरले नाही तरी खालचा ओलावा वाढतच असेल, तर दोष बहुधा सतत पाण्याने भरलेल्या नळाच्या पाइपात असतो. आंघोळीनंतरच वाढत असेल, तर नहाणी ट्रॅपचा सांधा किंवा वॉटरप्रूफिंग तपासावे. सदनिकेच्या आतील दुरुस्तीचा खर्च सभासदाचा आणि बाहेरच्या सामायिक पाइपांच्या गळतीचा सोसायटीचा, असे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत आहे, म्हणून बाहेरचा पाइपही पाहून घ्यावा.

ठेकेदार काम अर्धवट टाकून गेला, तर दुसऱ्याला आत आणण्याआधी झालेल्या कामाची मापे आणि छायाचित्रे तारखेसह घ्यावीत, सोसायटीच्या सचिवांची सही घ्यावी आणि पोच मिळेल अशी लेखी नोटीस पाठवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामासाठी शुल्क लागत नाही. नवा ठेकेदार आधीच्याच्या थरांची जबाबदारी घेणार नाही, हे गृहीत धरावे. त्यामुळे त्याने कामाला हात लावण्यापूर्वी त्याच्यासमोरच पुन्हा पाणी साठवून पाहावे आणि निष्कर्ष दोघांच्या सहीने कागदावर घ्यावा.