परदेशातली पोस्टडॉक फेलोशिप: आधी तारखा, मग विज्ञान

पीएचडी हातात पडली की परदेशी फेलोशिपचं बघू, असं बऱ्याच जणी ठरवतात आणि तिथेच गणित चुकतं. एम्बो या युरोपातल्या जीवविज्ञान संघटनेच्या पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, फेलोशिपसाठी पीएचडीनंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू आणि जर्मनीसाठीची हम्बोल्ट चार वर्षं देतात, युरोपियन युनियनची मेरी स्क्लोदोव्स्का-क्युरी (पुढे नुसतं मेरी क्युरी) आठ. थीसिसमधला अडकलेला पेपर, तात्पुरती नोकरी, लग्न, बाळंतपण हे सगळं नेमकं याच काळात येतं आणि दोन वर्षं कशी गेली ते कळत नाही. जीवविज्ञानातल्या हुशार मुलींचे अर्ज फक्त विज्ञान कच्चं असल्यामुळे नाही, या तारखांपायीही जातात. म्हणून तयारी थीसिस लिहिता लिहिताच, निघायच्या साधारण दीड वर्ष आधी सुरू करायची.

आधी यादीवर काट मारा

इंटरनेटवर 'महिलांसाठी फेलोशिप' म्हणून फिरणाऱ्या याद्यांमधली दोन नावं हमखास गोंधळ करतात. पहिलं ओडब्ल्यूएसडी, म्हणजे इटलीतल्या ट्रिएस्टहून चालणारी विकसनशील देशांतल्या वैज्ञानिक महिलांची संघटना. तिची पीएचडी फेलोशिप विज्ञान-तंत्रज्ञानात मागे असलेल्या देशांच्या ठरलेल्या यादीतल्या महिलांसाठी असते आणि त्या यादीत भारत नाही. तिच्या फेलो उलट भारतातल्या संस्थांमध्ये शिकायला येतात. दुसरं लॉरिआल-युनेस्को. १९९८ साली सुरू झालेल्या या उपक्रमात पुढे जीवविज्ञानातल्या तरुण संशोधक महिलांना दुसऱ्या देशातल्या लॅबमध्ये काम करण्यासाठी आंतरराष्ट्रीय फेलोशिप मिळत. २०१५ पासून त्यांच्या जागी 'इंटरनॅशनल रायझिंग टॅलेंट्स' आलं. त्यासाठी थेट अर्ज करता येत नाही, देशोदेशींच्या आणि विभागीय फेलोशिप मिळालेल्यांमधून निवड होते. जुन्या अर्जाची पानं मात्र अजून सापडतात. त्यात वेळ घालवू नका.

फक्त महिलांसाठी असलेल्या फेलोशिपवरच अडून राहू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठ्या खुल्या फेलोशिपमध्ये पैसा जास्त, मुदत जास्त, आणि मूल असलेल्या संशोधिकेसाठी नियमही बरे असतात. भारतातून जाणारीने निदान या चार बघाव्यात.

एम्बो: दोन वर्षांपर्यंत, फक्त जीवविज्ञानासाठी. भारत २०१६ पासून तिच्या सरकारी परिषदेचा सहयोगी सदस्य आहे. फर्स्ट ऑथर म्हणून निदान एक पेपर लागतो.

ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्राम, म्हणजे एचएफएसपी: तीन वर्षं. भारत २००६ पासून सदस्य. आधी छोटं इरादापत्र, ते पसंत पडलं तर पूर्ण अर्ज. इथेही फर्स्ट ऑथर पेपर हवाच. पीएचडीत केलं तेच पुढे चालवणार असाल तर इथे अर्ज करू नका, त्यांना दिशा बदललेली हवी असते.

मेरी क्युरी: युरोपातल्या यजमान संस्थेत एक ते दोन वर्षं, कोणत्याही देशाच्या नागरिकाला. नोकरीचा करार मिळतो, त्यामुळे सामाजिक सुरक्षाही मिळते.

हम्बोल्ट: जर्मनीसाठी, सहा महिने ते दोन वर्षं. अर्ज वर्षभर कधीही करता येतो, म्हणून इतरांच्या डेडलाइन हुकल्या तर ही धरून ठेवा.

फुलब्राइट-नेहरू अमेरिकेसाठी चांगली आहे, पण एक अट आधी समजून घ्या. तिच्या जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाच्या) व्हिसावर दोन वर्षं मायदेशी राहण्याचं बंधन येतं. ते पुरं केल्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीन कार्डचा रस्ता बंद. नवरा अमेरिकेत नोकरीला असेल तर हा विषय फॉर्म भरायच्या आधी घरात बोलून घ्या.

तारखांचा हिशेब कागदावर मांडा

एका कोऱ्या कागदावर चार तारखा लिहा: थीसिस सादर केल्याची, व्हायव्हाची, विद्यापीठाच्या नोटिफिकेशनची आणि पदवी प्रमाणपत्रावरची. आपल्याकडे पहिल्या आणि शेवटच्या तारखेत सहज वर्ष-दीड वर्ष जातं. कुठली फेलोशिप यातली कुठली तारीख धरते ते तिच्या मार्गदर्शिकेत शोधा. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा त्या वर्षीचीच पीडीएफ वाचा, सिनिअरने दिलेली जुनी नको.

मग मुक्कामाचा हिशेब. मेरी क्युरीचा नियम असा: डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणं किंवा काम करणं चालत नाही. समजा डेडलाइन सप्टेंबर २०२६ ची आहे आणि तुम्ही जानेवारी २०२५ ते मार्च २०२६ जर्मनीत प्रोजेक्टवर होतात. ते झाले १५ महिने. जर्मनीसाठी तुम्ही बाद, पण फ्रान्स किंवा डेन्मार्कसाठी पात्र. सुट्टीतली छोटी भेट यात धरत नाहीत. 'आधी जाऊन लॅबमध्ये रुळते, मग फेलोशिपला अर्ज करते' हा बेत याच नियमामुळे फसतो. एम्बोतही यजमान लॅबमध्ये बरेच महिने आधीपासून काम करणारी उमेदवार बाद होते.

मूल झालं असेल तर एम्बो, हम्बोल्ट आणि मेरी क्युरी या तिन्ही ठिकाणी पीएचडीनंतरची मुदत वाढते. किती, ते प्रत्येकीचं वेगळं. ही वाढ आपोआप मिळत नाही, फॉर्ममध्ये मागावी लागते, आणि मुलाच्या जन्मदाखल्यासारखा पुरावा तयार ठेवावा. बऱ्याच जणी 'उगाच कशाला सांगा' म्हणून तो रकाना कोरा ठेवतात आणि हक्काचं वर्ष सोडून देतात. भरा तो रकाना.

नावाची भानगड

महाराष्ट्रात लग्नानंतर फक्त आडनाव बदलत नाही, मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. पदवीवर सायली विजय देशमुख, पासपोर्टवर सायली अमेय कुलकर्णी, आणि पेपरवर एस. व्ही. देशमुख. परदेशातल्या समीक्षकाला या तीन वेगळ्या बायका वाटतात. यावर उपाय साधा आहे, पण वेळेत करायचा. ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढा आणि तिन्ही नावांचे पेपर त्याला जोडा. सीव्हीच्या पहिल्याच ओळीत 'या नावाने प्रकाशित' असं लिहा. लग्नाचा दाखला आणि नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत, दोन्ही स्कॅन करून एका फाइलीत ठेवा. थीसिस अजून सादर केली नसेल आणि निवड तुमच्या हातात असेल, तर पेपरवरचं नाव आयुष्यभर एकच ठेवणं सगळ्यात सोयीचं.

विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट यायला कित्येक आठवडे जातात. तो अर्ज आजच टाका.

होस्ट लॅबला मेल

फेलोशिप आणि लॅब या वेगळ्या गोष्टी नाहीत. यजमान पीआयच्या, म्हणजे लॅबच्या प्रमुखाच्या, पाठिंब्याशिवाय यातला एकही अर्ज पुढे सरकत नाही. डेडलाइनच्या नऊ-दहा महिने आधी आठ-दहा लॅबची यादी करा, प्रत्येकीचे मागच्या तीन वर्षांतले दोन पेपर खरोखर वाचा आणि प्रत्येकीला वेगळा मेल लिहा. एकच मजकूर सगळ्यांना पाठवला की तो लगेच ओळखू येतो. 'रिस्पेक्टेड सर' ने सुरू झालेला मेल बाईंच्या लॅबमध्ये जातो, हेही दर वर्षी घडतं.

मेल दीडशे ते दोनशे शब्दांचा पुरे. समजा पीएचडी डासाच्या आतड्यातल्या जिवाणूंवर आहे आणि लॅब फळमाशीच्या आतड्यावर काम करते. मग गाभ्याची वाक्यं अशी हवीत: 'तुमच्या पेपरमध्ये जखमेनंतर माशीच्या आतड्यातल्या मूलपेशी किती वेगाने विभागतात ते दाखवलंय. रक्त प्यायल्यावर एडिस डासाचं आतडं ताणलं जातं, तेव्हा हेच घडतं का, हे मला बघायचंय. डासाचं आतडं काढून त्यातल्या विभागणाऱ्या पेशी मोजण्याची पद्धत मी बसवली आहे. मी एम्बोला अर्ज करणार आहे आणि त्यासाठी तुमची लॅब यजमान म्हणून हवी आहे.' तुम्ही काय आणता आणि पैसे कुठून येणार, हे दोन्ही यात आलं. आपली गुणवर्णनं यात नकोत. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, नंतर पुढची लॅब.

व्हिडिओ कॉल झाला की पीआयकडून लॅबमधल्या दोघांशी बोलायची परवानगी मागा. त्यातली एक शक्यतो मूल असलेली बाई असावी. तिला थेट विचारा: रजेवर असताना प्रोजेक्टचं काय झालं? संध्याकाळी सहानंतर मीटिंग असतात का? या उत्तरांवर तुमची पुढची दोन वर्षं अवलंबून आहेत. पीआयने टाळाटाळ केली तर तेही एक उत्तरच समजा.

प्रपोजल

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली ती जेमतेम ४० पानांच्या प्रबंधावर. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनातलं प्रथिन असतं, हा त्याचा गाभा. एक प्रश्न, एक उत्तर. फेलोशिपच्या प्रपोजलला तीच शिस्त लागते.

कच्चं वाक्य असं असतं: 'डासातल्या मायक्रोबायोमची भूमिका सखोल अभ्यासली जाईल.' यात काय मोजणार ते नाही, आणि काय दिसलं तर तुम्ही चूक ठराल तेही नाही. हेच पक्कं करून: 'रक्त प्यायल्यावर २४ आणि ४८ तासांनी जिवाणूविरहित आणि साध्या डासांच्या आतड्यातल्या विभागणाऱ्या पेशी मोजू. जिवाणू विभागणीला चालना देत असतील तर जिवाणूविरहित डासांत ही संख्या कमी भरेल. तशी नाही भरली तर चालना आतडं ताणल्याने मिळते, असं मानून दुसऱ्या उद्दिष्टाकडे जाऊ.' समीक्षकाला एवढं वाचून कळतं की या बाईने प्रयोग हाताने केलाय.

उद्दिष्टं दोन, फार तर तीन. दुसरं पहिल्यावर टांगलेलं नको. पहिलं फसलं की सगळं फसतं, अशी रचना समीक्षक अर्ध्या मिनिटात ओळखतो. नवा जनुकबदल केलेला वाण तयार करण्यात किती महिने जातील ते यजमान लॅबमधल्या टेक्निशियनला विचारून लिहा, अंदाजाने नको.

मेरी क्युरीत मुख्य भाग दहा पानांचा आणि गुणांची वाटणी ठरलेली: विज्ञानाला ५० टक्के, परिणामाला ३०, अंमलबजावणीला २०. आपल्याकडच्या अर्जांत सात-आठ पानं विज्ञान आणि शेवटी घाईघाईने काहीतरी, असं दिसतं. महिनावार तक्ता, धोक्यांचा तक्ता आणि प्रत्येक धोक्यावरचा पर्याय यांसाठी दीड पान आधीच राखून ठेवा.

भारतातले नमुने नेणार असाल तर एक वाक्य विसरू नका. इथले जिवाणू, कीटक किंवा वनस्पती संशोधनासाठी परदेशी नेताना जैविक विविधता कायदा, २००२ लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. माणसांचे नमुने असतील तर नैतिकता समितीची मंजुरी वेगळी. या परवानग्यांना महिने लागतात. 'नमुने सोबत आणू' एवढंच लिहिलेल्या प्रपोजलचा पहिला सहा महिन्यांचा आराखडा तिथेच कोसळतो.

शिफारसपत्रं

गाइडला 'सर, लेटर द्याल का' एवढं म्हणून थांबू नका. सोबत एक पान द्या: फेलोशिपचं नाव, डेडलाइन, प्रपोजलचा सारांश, आणि तुम्ही स्वतः सोडवलेले दोन-तीन अवघड प्रश्न. नाहीतर पत्रात कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ एवढंच येतं. मुलींच्या पत्रात तर हमखास येतं, आणि त्यावरून समीक्षकाला काही कळत नाही. 'आरएनए तुटतोय हे हिने शोधलं आणि काढायची पद्धत बदलली' हे एक वाक्य त्या तीन विशेषणांपेक्षा जास्त उपयोगी. पोर्टलची लिंक गाइडच्या कुठल्या ईमेलवर जाणार ते विचारून घ्या. संस्थेच्या ईमेलऐवजी खासगी पत्ता दिला तर काही ठिकाणी तो चालत नाही.

पैसे आणि घर

स्टायपेंडचा आकडा पाहून हुरळू नका. चार गोष्टी लेखी विचारा: हा पगार आहे की स्टायपेंड, आरोग्यविमा कोण भरतं, नवरा-मुलांसाठी भत्ता आहे का, बाळंतपणाची रजा पगारी आहे का. पहिला पैसा हाती पडेपर्यंत घराचं डिपॉझिट आणि दीड-दोन महिन्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून जातो, तेवढी सोय करूनच निघा. जर्मनीत जाणाऱ्या आईने क्रिस्टियाना न्युसलाइन-फोलहार्ड प्रतिष्ठान लक्षात ठेवावं. १९९५ च्या नोबेलविजेत्या जीवशास्त्रज्ञ बाईंनी २००४ मध्ये ते स्थापन केलं, आणि मुलं असलेल्या तरुण संशोधिकांना घरकाम आणि पाळणाघरासाठी दरमहा मदत ते देतं. नागरिकत्वाची अट नाही.

नकार आला तर

येतो, बहुतेकींना पहिल्यांदा येतोच. मेरी क्युरीत निकालासोबत समीक्षकांचा अहवाल मिळतो. त्यातला प्रत्येक दोष एका रकान्यात आणि त्यावर काय बदललं ते दुसऱ्यात, असा तक्ता करून पीआयसोबत बसा. ८५ टक्के किंवा जास्त गुण असून पैशांअभावी निवड हुकली तर 'सील ऑफ एक्सलन्स' मिळतो आणि युरोपातल्या काही देशांत त्यावर वेगळा निधी मिळू शकतो. यजमान संस्थेच्या कार्यालयाला त्याबद्दल विचारा. एम्बो आणि एचएफएसपीला एकाच वर्षी अर्ज करता येतो, फक्त दोन्हीकडे तसं नमूद करा.

शेवटच्या दिवसासाठी एवढंच: मेरी क्युरीची डेडलाइन ब्रुसेल्सच्या घड्याळाने असते, आणि सप्टेंबरात तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. शेवटच्या दोन तासांत पोर्टल रांगतं, तेव्हा आदल्या दिवशीच पूर्ण अर्ज चढवा. डेडलाइनपर्यंत तो बदलता येतो. चढवलेली पीडीएफ पुन्हा उतरवून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा आणि मायक्रोचं चिन्ह जागेवर आहे का ते पाहा. फॉन्ट बदलला की पाच मायक्रोलिटरचे पाच मिलिलिटर होतात.